अवॉर्ड स्क्रोल कसा बनवायचा: एससीएमध्ये नवीन आलेल्यांसाठी पहिल्या स्क्रोलची कृती

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एससीए म्हणजे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम, १ मे १९६६ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये एका मागच्या अंगणातल्या टूर्नामेंटपासून सुरू झालेली संस्था. १६०० च्या आधीचं जग हातानं करून बघायचं, म्हणजे चिलखत घालून लढायचं, त्या काळचं जेवण करायचं, कपडे शिवायचे, आणि त्यातलंच एक म्हणजे हस्तलिखितं. जगभरात वीस किंगडम आहेत, न्यू जर्सी किंवा बोस्टनला राहत असाल तर तुम्ही ईस्ट किंगडममध्ये, डॅलस-ह्यूस्टनला असाल तर अॅन्स्टिओरा, सिडनी-मेलबर्नला असाल तर लोकॅक. प्रत्येक किंगडमला राजा-राणी असतात, टूर्नामेंट जिंकून होतात, बहुतेक ठिकाणी सहा महिने राज्य करतात आणि दरबार भरवून लोकांना अवॉर्ड देतात. त्या अवॉर्डबरोबर जो रंगीत, सोन्याचं काम केलेला कागद हातात मिळतो तो स्क्रोल. आपल्याकडच्या सनदेचंच काम तो करतो.

हे सगळे स्क्रोल स्वयंसेवक बनवतात, कोणालाही पैसे मिळत नाहीत, आणि बनवणारे हात कायम कमी असतात. अवॉर्ड मिळून वर्षं झाली पण स्क्रोल अजून यायचाय अशी माणसं प्रत्येक किंगडममध्ये आहेत. त्यामुळे तुम्ही नवीन असलात तरी तुमची गरज आहे, आणि शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतील, कॅमलचे पोस्टर कलर वापरलेले असतील, तर अर्धं सामान तुमच्या ओळखीचंच आहे.

सुरुवात कुठून करायची

सगळ्यात आधी तुमच्या किंगडमच्या सिग्नेटला मेल टाका. सिग्नेट म्हणजे स्क्रोलची कामं वाटून देणारा अधिकारी. काही किंगडममध्ये छापील बाह्यरेषा असलेले चार्टर असतात, त्यात तुम्ही फक्त रंग भरायचे, नाव-तारीख नंतर दुसरं कोणीतरी लिहितं. नवीन माणसानं आधी असे दोन-चार चार्टर रंगवावेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात लेआउटची जबाबदारी आपल्यावर नसते आणि हात फक्त रंगावर बसतो. काही किंगडममध्ये चार्टर नसतातच, प्रत्येक स्क्रोल कोऱ्या कागदापासून. तिथे सिग्नेटला सांगायचं की पहिलीच वेळ आहे, अवॉर्ड ऑफ आर्म्स या सुरुवातीच्या अवॉर्डपासून सुरू करतो. नाईटहूड, लॉरेल, पेलिकन हे मोठे सन्मान, त्यांचे स्क्रोल पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका.

काम मिळालं की सिग्नेटकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्या: नावाचं अचूक स्पेलिंग, अवॉर्डचं नेमकं नाव, आणि दरबाराची तारीख व जागा. एससीएत प्रत्येक जण त्या काळातलं एक नाव घेतो; ते हेराल्ड्सकडे, म्हणजे नावं आणि चिन्हं तपासून नोंदणाऱ्या व दरबारात पुकारणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, नोंदलेलं असेल तर नोंदीतलंच स्पेलिंग, एक अक्षर इकडेतिकडे नाही. त्या माणसानं कित्येक महिने खपून ते नाव ऐतिहासिक पुराव्यासकट पास करून घेतलेलं असतं. आणि हो, अवॉर्ड बहुतेक वेळा सरप्राइज असतं, म्हणून घरच्यांशिवाय कोणाला सांगायचं नाही.

कागद आणि बाकी सामान

कागदावर कंजूषी करू नका, बाकी सगळीकडे चालेल. ३०० जीएसएमचा हॉट प्रेस वॉटरकलर कागद घ्या, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत, खरखरीत कागदावर निब अडकते आणि शाई फुटते. दुसरा पर्याय पर्गामेनाटा नावाचा इटालियन कागद, दिसायला चर्मपत्रासारखा, त्यावर अक्षर फार सुंदर उठतं आणि चूक खरवडून काढता येते, पण पाणी जरा जास्त लागलं की तो लाटांसारखा उठतो. पहिल्या स्क्रोलला हॉट प्रेसच बरा.

साइज ११ बाय १४ इंच. का, तर ती तयार फ्रेमची साइज आहे, आणि ज्याला स्क्रोल मिळतो त्याला वेगळी फ्रेम बनवून घ्यायला लावली तर तो स्क्रोल ड्रॉवरमध्येच राहतो. आतलं काम ८ बाय १० मध्ये बसवा, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच आणि वर-खाली दोन-दोन इंच मोकळं राहतं, माउंट बोर्ड त्यावर व्यवस्थित बसतो.

रंग गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. सात ट्यूब पुरतात: अल्ट्रामरीन निळा, शेंदरीकडे झुकणारा लाल, एक हिरवा, यलो ऑकर, बर्न्ट अंबर, काळा, पांढरा. पांढरा दोन प्रकारचा मिळतो, झिंक व्हाइट मिसळायला चांगला, पर्मनंट व्हाइट जास्त झाकतो म्हणून शेवटच्या बारीक रेषांना तो. एकच घ्यायचा तर पर्मनंट घ्या. ब्रश गोल टोकाचे, नंबर २, ० आणि तीन शून्याचा एक. टोक चांगलं जमणारा ब्रश जाडीला मोठा असला तरी बारीक रेष काढतो, त्यामुळे केसाएवढे ब्रश शोधत बसू नका.

जुने रंग म्हणजे हिंगूळ, हरताळ, शेंदूर, सफेदा, जंगाल हे युरोपातल्या हस्तलिखितांतही होते आणि आपल्या पोथ्यांतही. कधीतरी ते स्वतः घोटून वापरावेसे वाटतील, पण हिंगुळात पारा आहे, हरताळात आर्सेनिक आणि शेंदूर-सफेद्यात शिसं. नवीन असताना हात लावू नका. आणि कुठलाही रंग असो, ब्रशचं टोक जिभेवर लावून जमवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

लिहायला चपट्या टोकाची निब लागते. ज्यांनी लहानपणी बोरूनं अक्षर गिरवलंय त्यांना ही गोष्ट समजवायला नको, टोक तिरपं कापलेलं, उभी रेष जाड आडवी बारीक, सगळा खेळ कोनाचा. ब्राउज कंपनीच्या निब चांगल्या कारण त्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगितलेली असते, १ मिमी आणि १.५ मिमी अशा दोन घ्या. नवीन निबवर तेलकट थर असतो तो साबणानं धुवा, नाहीतर शाई थेंबाथेंबानं गोळा होते आणि माणूस शाईला दोष देत बसतो. सरावाला पायलटचं पॅरलल पेन छान, पण त्याच्या काट्रिजची शाई उजेडात फिकी पडते म्हणून खऱ्या स्क्रोलवर नको. डावखुरे असाल तर त्यांच्यासाठी तिरप्या टोकाच्या निब वेगळ्या मिळतात.

नमुना निवडणे

इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात. इंटरनेटवर आयर्लंडच्या गाठींची नक्षी बघतात आणि तीच करायला घेतात. ती नक्षी सुंदर आहे पण एक धागा वर गेला की पुढचा खालून गेलाच पाहिजे, एका ठिकाणी चुकलं की सगळं चुकतं. पहिल्यांदा करायला मी फ्रेंच आयव्ही बॉर्डर सुचवतो, चौदाव्या-पंधराव्या शतकातली. डाव्या बाजूला निळ्या-गुलाबी रंगाचा एक उभा पट्टा, त्यातून काळ्या शाईच्या बारीक वेली बाहेर पडतात आणि त्यांना छोटी तीन टोकांची सोनेरी पानं. एक पान जमलं की शंभर पानं जमली, आणि एखादं पान वाकडं आलं तरी वेलीत खपून जातं.

नमुना घेताना खऱ्या हस्तलिखिताचा फोटो समोर ठेवा, दुसऱ्या कोणाच्या स्क्रोलचा नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका, ऑक्सफर्डचं बोडलियन, न्यूयॉर्कचं मॉर्गन, सगळीकडे पानं मोठी करून फुकट बघता येतात. पूर्ण मोठं करा आणि बघा की पांढरी रेष रंगाच्या आत किती अंतरावर आहे, सोन्याच्या पानाभोवती काळी कड आहे का, वेल कुठे जाड होते. तासभर नुसतं बघण्यात गेला तर तो तास वाया गेला असं समजू नका.

ज्याला अवॉर्ड मिळणार आहे त्याचा पर्सोना, म्हणजे एससीएत त्यानं घेतलेलं त्या काळातलं पात्र, कुठल्या देशाचा, कुठल्या शतकाचा ते विचारून त्याप्रमाणे शैली घेतली तर सोन्याहून पिवळं. आणि इथे आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो, पर्सोना युरोपियनच पाहिजे असं नाही. कोणी दख्खनचा पर्सोना घेतला असेल तर त्याला फ्रेंच वेलबुट्टी कशाला द्यायची. निजामशाहीतलं तारीफ-इ-हुसेनशाही हे सोळाव्या शतकातलं सचित्र हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, विजापूरचं १५७० चं नुजूम-उल-उलूम डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे, आणि पंधराव्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या जैन कल्पसूत्रांची लाल-निळी-सोनेरी पानं तर जगभरच्या म्युझियममध्ये आहेत. हे सगळं १६०० च्या आतलं, म्हणजे नियमात बसतं. पण पहिला स्क्रोल म्हणून चित्रं काढू नका, समासाची नक्षी तेवढी घ्या.

मजकूर आणि आखणी

मजकुराचा साचा जुन्या सनदांचाच: कोणाला उद्देशून, कोण देतंय, कशासाठी, काय देतंय, कुठे आणि कधी, आणि शेवटी सह्या. काही किंगडममध्ये ठराविक वाक्य असावंच लागतं, ते सिग्नेटला विचारा. "कशासाठी" या भागात मात्र मेहनत घ्या. सेवा केली, कष्ट केले असं मोघम लिहू नका, तीन इव्हेंटला स्वयंपाकघर सांभाळलं, नवीन मुलांना तलवार धरायला शिकवलं, असं नेमकं लिहा, सिग्नेटकडे शिफारशीचं पत्र असतं त्यात मिळतं. हा मजकूर दरबारात हेराल्ड मोठ्यानं वाचणार आहे, तेव्हा लिहून झाला की स्वतः मोठ्यानं वाचून बघा, दम लागला तर वाक्य तोडा.

तारीख एससीएच्या स्वतःच्या सनात लिहितात, ॲनो सोसायटाटिस. १ मे १९६६ पासून पहिलं वर्ष, त्यामुळे १ मे नंतरची तारीख असेल तर इसवी सनातून १९६५ वजा करायचे आणि जानेवारी ते एप्रिल असेल तर १९६६. मे २०२५ ला ६० वं वर्ष लागलं. आपण शके काढताना गुढीपाडवा कुठे पडतो ते बघतो ना, इथे पाडवा १ मे ला. रोमन आकड्यात साठ म्हणजे एलएक्स.

आता हिशोब, आणि हा कागदावर करूनच पुढे जा. समजा नक्षी सोडून मजकुराला ५ बाय ६.५ इंच जागा उरली, म्हणजे साधारण १२७ बाय १६५ मिमी. गॉथिक टेक्स्चुरा लिपीत अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या पाचपट धरतात, म्हणजे १ मिमीच्या निबला ५ मिमी, आणि ओळीपासून ओळ १० मिमीवर. झाल्या १६ ओळी. एका अक्षराला सरासरी साडेतीन मिमी धरलं तर ओळीत ३६ अक्षरं, इंग्रजीचे सहाएक शब्द. म्हणजे सोळा ओळींत ९६ शब्द. पण खाली राजा-राणीच्या सह्यांना जागा लागते, तीनचार ओळींची, काही ठिकाणी मेणाच्या शिक्क्यालाही, ती सोडली की ७० ते ७५ शब्द उरतात. मजकूर १२० शब्दांचा असेल तर आत्ताच कापा. लिहायला बसल्यावर शेवटच्या ओळी दाबून बसवलेले स्क्रोल लांबून ओळखू येतात, आणि सह्यांना जागा न सोडलेले तर त्याहून जास्त.

एक अख्खी ड्राफ्ट साध्या कागदावर खऱ्या निबनं, खऱ्या मापात लिहून काढा. हे कोणालाच आवडत नाही पण याला पर्याय नाही. कुठली ओळ कुठे तुटते ते इथे कळतं.

मग चांगल्या कागदावर २एच पेन्सिलीनं हलक्या रेषा आखा.

लिहिणे

क्रम कायम हा: आधी अक्षर, मग सोनं, मग रंग. जुने लेखनिकही असंच करायचे. अक्षरात चूक झाली तर कागद बदलता येतो, रंगवून झाल्यावर चूक झाली तर अख्खं काम गेलं.

टेक्स्चुरात निबचा कोन साधारण ४० ते ४५ अंश ठेवायचा आणि तो बदलू द्यायचा नाही. सगळी अक्षरं उभ्या काठ्यांची बनतात, आणि दोन काठ्यांमधली पांढरी जागा काठीएवढीच ठेवायची, मग ती विणल्यासारखी एकसारखी दिसते. अडचण अशी की इंग्रजी मिनिमम हा शब्द लिहिला तर ओळीनं पंधरा सारख्या काठ्या उभ्या राहतात आणि वाचणाऱ्याला काही कळत नाही, म्हणून आयवर केसासारखी एक बारीक तिरपी रेष द्यायची. नावात एम, एन, यू, आय शेजारी-शेजारी असतील तर हे नक्की करा, हेराल्ड अडखळला की ज्याचं नाव आहे त्याला लागतं. नाव मराठी किंवा फारसी वळणाचं असेल तर उच्चार कसा करायचा ते एका चिठ्ठीवर लिहून मागे हलक्या टेपनं लावा.

हाताखाली नेहमी एक कोरा कागद ठेवा, तळव्याचं तेल कागदाला लागलं की त्यावर शाई आणि रंग दोन्ही धरत नाहीत. एखादं अक्षर चुकलं तर हात लावू नका, पूर्ण वाळू द्या, मग धारदार ब्लेड जवळजवळ आडवं धरून हळूहळू खरवडा आणि चमच्याच्या पाठीनं घासून जागा परत गुळगुळीत करा. अख्खी ओळ राहून गेली असेल तर मध्ययुगीन लेखनिकांचा उपाय आहे, ती ओळ समासात लिहायची आणि एक छोटा माणूस दोरीनं ती वर ओढतोय असं चित्र काढायचं, अशी पानं खरोखर आहेत. मोठ्या सन्मानाच्या स्क्रोलवर मात्र कागद बदला.

सोनं

पहिल्या स्क्रोलला सोनेरी गवाश चालतो, कोणी नावं ठेवणार नाही. पण खऱ्या वर्खाची चमक वेगळीच, उजेडात कागद हलवला की ती हलते, आणि इल्युमिनेशनचा, म्हणजे हस्तलिखित सोन्या-रंगानं उजळवण्याचा, सगळा अर्थ त्यातच आहे, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या स्क्रोलला शिकाच.

२३ कॅरेटचा ट्रान्सफर वर्ख घ्या, पातळ कागदाला चिकटवलेला असतो, सुटा वर्ख नवीन माणसाच्या हाती टिकत नाही, श्वासानं उडतो. जिथे सोनं हवं तिथे तयार मिळणारा गोंद, ज्याला साइज म्हणतात, तो ब्रशनं फुगीर थेंबासारखा भरा, बुडबुडे सुईनं फोडा, वाळू द्या. मग कागदाची बोटाएवढी नळी करून ती गोंदाजवळ धरा आणि पोटातून गरम श्वास सोडा, फुंकर नाही, काच पुसताना सोडतो तसा. त्या ओलाव्यानं गोंद पुन्हा चिकट होतो. लगेच वर्ख उलटा ठेवून अंगठ्यानं दाबा, कड नीट दाबा, उचला. कुठे राहिलं असेल तर परत श्वास, परत वर्ख. शेवटी ग्लासीन नावाचा गुळगुळीत पातळ कागद वर ठेवून अकीकाच्या घोटणीनं हलक्या हातानं घोटा. अमेरिकेत हिवाळ्यात हीटर चालू असतो तेव्हा हवा इतकी कोरडी होते की वर्ख धरतच नाही, शेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवा किंवा हे काम बाथरूममध्ये शॉवर चालवून झाल्यावर करा.

चांदीचा वर्ख वापरू नका, काळा पडतो. जुन्या हस्तलिखितांतली चांदीही काळवंडलेली दिसते. पांढऱ्या धातूसाठी पॅलेडियम घ्या.

सोनं रंगाच्या आधी लावायचं कारण गवाशमध्ये डिंक असतो आणि वर्ख त्यालाही चिकटतो, मग निळ्या पट्ट्यावर सोन्याचे ठिपके.

रंग

गवाश पळीवाढं करा, पिठाला म्हणतो तसं. पातळ झाला तर डाग पडतात, घट्ट झाला तर वाळल्यावर तडकतो. एक रंग सगळ्या कागदावर भरून मगच दुसरा घ्या. सपाट थर आधी, तो वाळला की त्याच रंगाची गडद छटा एका बाजूला, मग फिकट छटा. जुना थर पाण्यानं परत विरघळतो, म्हणून दुसरा हात एकदाच मारायचा, घासायचं नाही.

मग कडा. काळ्यात थोडा अंबर मिसळून नंबर शून्यनं बारीक बाह्यरेषा काढा, आणि इथे स्क्रोल एकदम जिवंत होतो. शेवटी पांढरी बारीक नक्षी, निळ्या-गुलाबी पट्ट्याच्या आत कडेला समांतर एक रेष, मध्ये तीन-तीन ठिपके, छोट्या वळ्या. पांढरा इथे जरा पातळ हवा, ब्रशच्या टोकावर थोडाच, आणि हात कोपरापर्यंत टेबलावर टेकलेला. दमलेले असाल तेव्हा हे करू नका, सकाळी करा.

त्या माणसाचं चिन्ह नोंदलेलं असेल तर ढालही रंगवावी लागते. हेराल्डीच्या, म्हणजे ढालीवरच्या चिन्हांच्या, वर्णनात उजवं-डावं ढाल धरणाऱ्याचं असतं, बघणाऱ्याचं नाही, म्हणून सिंह सहसा आपल्या डावीकडे तोंड करून असतो. वर्णन समजलं नाही तर हेराल्डला विचारा, अंदाजानं रंगवू नका. चिन्ह अजून पास झालेलं नसेल तर ढाल कोरी सोडा, नंतर भरता येते. आणि सजावट म्हणून मुकुट किंवा लॉरेलच्या पानांचं चक्र कुठेही काढू नका, त्यांना एससीएत ठरलेला अर्थ आहे आणि ती ठराविक लोकांनाच चालतात.

देण्याआधी

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पेन्सिलीच्या रेषा मऊ खोडरबरानं काढा, सोन्यावरून रबर नेऊ नका. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तुमचं नाव, महिना-वर्ष, वापरलेली शाई आणि रंग लिहा, पुढे काही दुरुस्ती करायची झाली तर कामाला येतं. समोर सही करायची पद्धत नाही, समोर फक्त राजा-राणीच्या आणि जिथे लागते तिथे हेराल्डची.

वर ग्लासीन, खाली-वर जाड पुठ्ठा, चारी बाजूंनी टेप, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात अवॉर्डचं नाव नाही, फक्त सिग्नेटचं नाव. स्क्रोल म्हणतात म्हणून गुंडाळू नका, सोनं आणि गवाश दोन्ही तडकतात. सह्या दरबाराच्या आधी घ्याव्या लागतात आणि त्या सकाळी राजा-राणीला श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून निदान आठवडाभर आधी सिग्नेटच्या हातात द्या. फोटो पॅक करायच्या आधीच दिवसाच्या उजेडात काढून ठेवा, पण टाकायचा तो दरबार झाल्यावरच.